मुंबईतल्या ओढ्यांवरचे लहान धबधबे: कसे पाहावेत, कसे टिपावेत

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातून कान्हेरीकडे जाणारा रस्ता वाटेत ठिकठिकाणी लहान मोऱ्यांवरून ओढे ओलांडतो. मे महिन्यात त्या मोऱ्यांखाली वाळलेला पाचोळा आणि पांढुरके धोंडे एवढेच दिसते. आषाढात त्याच जागी गुडघ्याएवढे, कमरेएवढे, क्वचित पुरुषभर उंचीचे धबधबे एकाखाली एक उतरत असतात. त्यांना नावे नाहीत, आणि दिवाळीपर्यंत त्यांतले बहुतेक आटून गेलेले असतात. धबधबा पाहायचा म्हटले की मुंबईकर लोणावळा, माळशेज, इगतपुरी असा दूरचा प्रवास करतो आणि लोकलच्या अंतरावरचे हे पाणी पाहायचे राहून जाते, याची मला मनापासून हळहळ वाटते.

पावसाळ्यात मी वर्षानुवर्षे याच परिसरातल्या एका ओढ्यावर जाते. त्या अनुभवावरून माझे ठाम मत असे झाले आहे की, दर रविवारी नवा धबधबा शोधण्यापेक्षा एकच ओढा निवडावा आणि जूनपासून ऑक्टोबरपर्यंत त्याच्याकडे चार-पाच वेळा जावे. लहान धबधबा पहिल्या भेटीत फारसा दिसत नाही. पाणी किती असले म्हणजे तो कोणत्या खडकावरून वळतो, ऊन कोणत्या वेळी त्याच्यावर येते, पाय कुठे ठेवता येतो आणि कुठे चुकूनही ठेवू नये, हे दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत कळू लागते. चांगले छायाचित्र आणि सुखरूप परतणे या दोन्ही गोष्टी त्या ओळखीवरच अवलंबून असतात.

ओढा कोणता निवडावा

मुंबईच्या दहिसर, पोईसर, ओशिवरा आणि मिठी या चारही नद्यांचा उगम उद्यानाच्या डोंगराळ भागात आहे. वस्तीत शिरल्यावर त्यांची जी अवस्था होते ती आपण रोज पाहतो; डोंगरात मात्र त्यांचे पाणी अजून नितळ आहे. हा सारा प्रदेश सहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वी झालेल्या ज्वालामुखीच्या उद्रेकांतून तयार झालेल्या खडकांचा आहे. या खडकांचे काही थर टणक, तर काही ठिसूळ आहेत. ठिसूळ थर लवकर झिजतो, टणक थर पायरीसारखा पुढे उरतो आणि पाणी त्या पायरीवरून खाली उडी घेते. त्यामुळे एकच उंच कडा असण्याऐवजी इथे एका ओढ्यावर दहा-पंधरा लहान पायऱ्या सापडतात. छायाचित्रकाराला ही मोठीच सोय आहे, कारण दोनशे पावलांच्या अंतरात त्याला दिवसभराचे काम मिळते.

नवख्या माणसाने सुरुवात कान्हेरीपासून करावी. मुख्य प्रवेशद्वारापासून लेणी सुमारे सहा किलोमीटरवर आहेत. पश्चिम रेल्वेच्या बोरिवली स्थानकावर उतरून पूर्वेला पंधरा-वीस मिनिटे चालले की प्रवेशद्वार येते. मेट्रो ७ वर तर 'राष्ट्रीय उद्यान' या नावाचेच स्थानक आहे. सोमवारी उद्यान बंद असते. तिकिटाचे दर, लेण्यांपर्यंतची वाहनव्यवस्था आणि त्या दिवशी कोणते भाग खुले आहेत याची चौकशी निघण्यापूर्वी किंवा प्रवेशद्वारावर करावी, कारण अतिवृष्टीत काही वाटा ऐनवेळी बंद केल्या जातात.

कान्हेरीला शंभरांहून अधिक लेणी आहेत आणि ती ज्या दोन डोंगरांत कोरली आहेत त्यांच्या मधल्या घळीतून ओढा वाहतो. पावसाळ्यात हा ओढा तर पाहण्यासारखा असतोच, पण माझ्या मते त्याहून सुंदर आहे ते लेण्यांवरून उतरणारे पाणी. इथे राहणाऱ्या भिक्खूंनी डोंगरमाथ्यावरचे पाणी खडकात कोरलेल्या पन्हळींतून टाक्यांत आणले होते; शिलालेखांत अशा टाक्यांसाठी 'पोढी' हा शब्द आला आहे. जोराची सर येऊन गेली की त्या पन्हळी आजही वाहू लागतात, लेण्याच्या दर्शनी भागावरून पाण्याचा पातळ पडदा लोंबतो आणि आतल्या काळोखातून बाहेर पाहिले असता तो पडदा मागच्या हिरव्या उजेडात चांदीच्या तारांसारखा दिसतो. हे दृश्य पायऱ्यांवर आणि ओसरीत उभे राहून टिपता येते, त्यासाठी पाण्यात उतरावे लागत नाही.

दुसरा मार्ग म्हणजे मार्गदर्शकासह नेल्या जाणाऱ्या निसर्गवाटा. उद्यानाच्या निसर्ग माहिती केंद्रातर्फे अशा फेऱ्या आयोजित केल्या जातात. ओढ्याकाठाने जाणारी शिलोंडा वाट त्यांपैकी विशेष प्रसिद्ध आहे. या वाटांवर परवानगीशिवाय जाता येत नाही आणि जाऊही नये. हे बिबट्यांचे राहते जंगल आहे, त्यामुळे पहाटे अंधारात किंवा सायंकाळी उशिरा एकट्याने ओढ्यात वाकून बसणे हे धाडस नसून अविचार आहे. मार्गदर्शकाला आधीच सांगून ठेवावे की आपल्याला दोन-तीन ठिकाणी वीस-वीस मिनिटे थांबायचे आहे. शक्य असल्यास छायाचित्रणाची आवड असलेल्या चार-पाच जणांचा गट करून जावे, म्हणजे एकामुळे इतरांचा खोळंबा होत नाही.

परवानगीबाबत आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. कान्हेरी हे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यातील संरक्षित स्मारक असल्यामुळे तिथे ट्रायपॉड लावण्यासाठी वेगळी परवानगी लागते. ड्रोन तर उद्यानात आणायचाच नाही. व्यावसायिक चित्रीकरण करायचे असल्यास त्याचे शुल्क आणि अर्ज निराळे आहेत.

शहराबाहेरची चिंचोटी, पांडवकडा ही नावे सर्वांना ठाऊक असतात, परंतु दुर्घटनांमुळे तिथे पावसाळ्यात वारंवार प्रवेशबंदी लागू होते. बंदी असलेल्या धबधब्याचे चित्र कितीही चांगले आले तरी ते पाहून दुसरा कोणीतरी तिथे जाईल, एवढा विचार करून ती ठिकाणे सोडून द्यावीत.

दिवस कोणता, वेळ कोणती

मुंबईत मोसमी पाऊस दाखल होण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून धरली जाते. मात्र पहिल्या पावसात ओढे वाहत नाहीत. मृगाचे पाणी तापलेली जमीन पिऊन टाकते आणि जे थोडे वाहते ते वर्षभराचा पाचोळा, राख आणि माती घेऊन येते. आर्द्रात जमीन तृप्त होते आणि त्यानंतर ओढ्याला खरे पाणी येते. जमिनीत पाणी पुरेसे मुरले आहे हे ओळखण्याची एक सोपी खूण आहे. उद्यानातला तुळशी तलाव १८७९ साली बांधून पूर्ण झाला आणि त्याची साठवणक्षमता ८०४.६ कोटी लिटर आहे. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांतला हा सर्वांत लहान. तो भरून वाहू लागला की वर्तमानपत्रांत बातमी येते. ती बातमी वाचली की त्याच्या आसपासच्या डोंगरातले सगळे ओहोळ जागे झाले आहेत असे समजावे.

त्यानंतर प्रश्न येतो तो नेमक्या दिवसाचा. भर पावसात जाण्याची ओढ सर्वांनाच असते, परंतु त्या वेळी पाणी गढूळ असते, थेंब काचेवर बसतात आणि धोकाही सर्वाधिक असतो. माझा अनुभव असा की, जोरदार पाऊस थांबल्यानंतर साधारण बारा ते चोवीस तासांनी लहान धबधबा सर्वांत देखणा असतो. गाळ खाली बसलेला असतो, पाणी भरपूर असूनही त्याच्या वेगवेगळ्या धारा दिसतात, खडक ओले आणि काळेभोर असतात. आकाश ढगाळ पण उघडीप अशी सकाळ मिळाली तर याहून चांगले काही मागू नये. कडक ऊन या कामाला अजिबात उपयोगी नाही. पाण्यावर पांढरे चट्टे आणि खडकावर काळ्या सावल्या पडून चित्राचे तुकडे होतात.

निघण्यापूर्वी आदल्या रात्री आणि पुन्हा सकाळी हवामान विभागाचा इशारा पाहावा. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे पाऊस झाला तर हवामान विभाग त्याला जोरदार म्हणतो, ११५.६ पासून अतिजोरदार आणि २०४.५ पासून अत्यंत जोरदार. नारिंगी किंवा लाल इशारा असेल त्या दिवशी ओढ्यावर जाऊ नये. पिवळा इशारा असेल तर कान्हेरीच्या पायऱ्यांवरून आणि लेण्यांच्या ओसऱ्यांतून होईल तेवढेच काम करावे, घळीकडे उतरू नये. या शहरात २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. ज्यांनी तो दिवस पाहिला आहे त्यांना पाण्याविषयी अधिक सांगण्याची गरज नाही.

श्रावणात ऊन-पावसाचा खेळ सुरू झाला की पाण्याचा जोर कमी होतो, पण काठावरचा तेरडा, रानहळद, नेचे आणि खडकांवरचे शेवाळ भरात येते. भाद्रपदानंतर ओढा बारीक होतो. तेव्हा एकेक धार स्वतंत्र दिसते आणि नवख्या छायाचित्रकाराला शिकण्यासाठी हाच काळ सर्वांत चांगला असतो. कारवी मात्र आठ वर्षांनी एकदाच फुलते. उद्यानात ती २०१६ आणि २०२४ मध्ये बहरली होती, त्यामुळे निळ्या-जांभळ्या फुलांमागे धबधबा हवा असेल तर बराच धीर धरावा लागेल.

पाण्याचा अंदाज

कॅमेऱ्यापेक्षा या भागाकडे अधिक लक्ष द्यावे अशी माझी कळकळीची विनंती आहे. डोंगरातल्या लहान ओढ्याचे पाणलोट क्षेत्र लहान आणि उताराचे असते. वर कुठेतरी अर्धा तास जोराची सर कोसळली की ते सगळे पाणी काही मिनिटांत खाली येते, आणि आपण उभे असतो तिथे त्या वेळी पाऊस पडत असेलच असे नाही. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले, तेव्हाही पाणी असेच पाहता पाहता वाढले होते.

यासाठी मी एक साधी सवय लावून घेतली आहे. ओढ्यापाशी पोहोचताच समोरच्या काठावरचा, निम्मा पाण्यात आणि निम्मा वर असलेला एक दगड हेरायचा. मी त्याला खूणदगड म्हणते. कॅमेरा काढण्यापूर्वी मोबाईलवर त्याचे एक छायाचित्र घ्यायचे आणि त्यानंतर दर दहा मिनिटांनी त्याच्याकडे पाहायचे. दगडाचा कोरडा भाग चार बोटांनी जरी कमी झाला तरी सामान उचलून वर यायचे, मग चौकट कितीही मनासारखी जमलेली असो.

एका जुलैमध्ये माझ्यावर ही वेळ आली. माझ्या डोक्यावर लख्ख उजेड होता, फक्त माथ्याकडे आभाळ शाईसारखे काळे झाले होते. आधी पाण्याबरोबर सुकी पाने आणि काटक्या येऊ लागल्या. मला वाटले वाऱ्याने पडल्या असतील. मग पाण्याचा रंग बदलला. नितळ धारेत चहा ओतावा तसा तपकिरी रंग कडेकडेने पसरत आला. खूणदगडाकडे पाहिले तर तो दिसेना. मी ट्रायपॉड मिटवण्यात वेळ न घालवता तो तसाच खांद्यावर टाकला आणि काठ चढले. फिल्टरची डबी मात्र खडकावर राहिली. वर पोहोचून वळून पाहिले तेव्हा मी उभी होते त्या खडकावरून पाणी वाहत होते. पाने, रंग आणि आवाज हा क्रम त्या दिवसापासून माझ्या मनात पक्का बसला आहे. आवाज सर्वांत शेवटी बदलतो, कारण धबधब्याजवळ उभ्या असलेल्या माणसाला दुसरे काही ऐकूच येत नाही. त्यामुळे सोबत्याला हाका मारण्यावर विसंबू नये, हाताच्या खुणा आधीच ठरवून ठेवाव्यात.

उभे राहण्याची जागा निवडताना काही बंधने स्वतःवर घालून घ्यावीत. ओढ्याच्या मधल्या खडकावर जाऊ नये, कारण पाणी वाढले की दोन्ही काठ तुटतात. धबधब्याच्या माथ्यावर कडेशी उभे राहू नये. वाहत्या पाण्यातला काळा, चकचकीत खडक हा हिरव्या शेवाळापेक्षाही निसरडा असतो, त्याच्यावर पायच ठेवू नये. डोहाची खोली फेसामुळे कळत नाही. वरून घोटाभर दिसणारे पाणी प्रत्यक्षात कमरेपर्यंत असू शकते. पावसाळ्यात काठावरच्या झुडपांत चापडा हा हिरवा विषारी साप फांदीला बिलगून निश्चल बसलेला असतो, म्हणून आधारासाठी फांदी धरण्यापूर्वी ती नीट पाहावी. पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात उतरू नये. लेप्टोस्पायरोसिसचा संसर्ग अशा जखमेतून होऊ शकतो, आणि पाण्यातून गेल्यावर पुढच्या दिवसांत ताप आलाच तर डॉक्टरांना ही गोष्ट आवर्जून सांगावी.

मदतीसाठी ११२ हा क्रमांक, वन विभागाची १९२६ ही हेल्पलाइन आणि महापालिकेचा १९१६ हे तिन्ही मोबाईलमध्ये साठवून ठेवावेत. डोंगराच्या आत काही ठिकाणी नेटवर्क मिळत नाही, म्हणून कुठे जात आहोत आणि किती वाजेपर्यंत परतू हे घरी सांगून निघावे.

सोबत काय न्यावे

पायांत खोल खाचांच्या रबरी तळव्यांचे बूट हवेत. चपला, फ्लोटर्स आणि गुळगुळीत तळव्याचे गमबूट तिघेही इथे दगा देतात. अंगावर लवकर सुकणारे, फिकट रंगाचे, पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत. जीन्स भिजली की जड होते आणि दिवसभर ओलीच राहते. छत्रीपेक्षा रेनकोट बरा असे सगळे सांगतात, पण मी दोन्ही नेते. छत्री माझ्यासाठी नव्हे, कॅमेऱ्यासाठी. कान्हेरीला माकडे फार धीट आहेत. प्लॅस्टिकची पिशवी दिसली की ती त्यात खाऊ आहे असे समजून ओढून नेतात, त्यामुळे सगळे सामान चेनच्या सॅकमध्ये ठेवावे आणि खाण्याचा जिन्नस बाहेर काढूच नये.

कॅमेरा कोणताही चालेल, फक्त त्यात शटरचा वेळ, म्हणजे कॅमेऱ्यात उजेड किती वेळ शिरू द्यायचा तो, स्वतः ठरवता आला पाहिजे. लेन्सच्या बाबतीत मात्र माझे मत रूढ सल्ल्यापेक्षा वेगळे आहे. धबधबा म्हटले की रुंद कोनाची लेन्स सुचवली जाते, पण ती वापरायची तर पाण्याच्या अगदी जवळ जावे लागते. लहान धबधब्याला ७० ते २०० मिलिमीटरची, दूरचे जवळ आणणारी लेन्स अधिक शोभते. काठावर, सुरक्षित जागी उभे राहून एखाद्या पायरीचा हातभर तुकडा तिच्यातून नेमका उचलता येतो. एक पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर), एक तीन स्टॉपचा एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी गडद काच; एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट होणे), सुती रुमाल तीन-चार, काच पुसण्याची दोन मऊ कापडे आणि कॅमेऱ्यावर घालायला पावसाळी आवरण एवढे पुरे. आवरण नसेल तर मोठी प्लॅस्टिकची पिशवी घेऊन लेन्सच्या तोंडाएवढे भोक पाडावे आणि रबरबँडने ती बसवावी. परत आणण्याची जबाबदारी मात्र आपली.

कॅमेरा काढण्यापूर्वीची वीस मिनिटे

पोहोचताच छायाचित्रे काढू नयेत. सॅक पाठीवरच ठेवून ओढ्याच्या काठाने वर-खाली एकदा चालावे, आणि मग एका पायरीसमोर बसून ती नुसती पाहावी. माझ्या ओढ्यावर जेमतेम दीड फूट उंचीची एक पायरी आहे. पहिल्या वर्षी मी तिच्याकडे लक्षही दिले नव्हते. तिच्या डाव्या अंगाला नेच्याचे एक पान असे वाकले आहे की त्याचे टोक धारेला स्पर्श करते. धार त्याला खाली दाबते, पान झुकते, पाणी निसटते, पान पुन्हा वर येते, असे दर दोन-तीन सेकंदांनी अखंड चालू असते. पानाच्या मागे, पाण्याआडच्या ओल्या कपारीत एक लहान खेकडा नांग्या जवळ घेऊन बसलेला असतो. आपण हललो नाही तर पाचेक मिनिटांत तो बाहेर येतो. पाणी जास्त असले की हे पान धारेत बुडून जाते, कमी असले की धारेपर्यंत पोहोचत नाही. म्हणजे या पायरीचे चित्र मिळण्याचे दिवस वर्षातून मोजके सात-आठ. हे मला चौथ्या भेटीत समजले.

पाहताना तीन गोष्टी शोधाव्यात: पाण्याची मुख्य धार कोणती, ती कुठून येऊन कुठे जाते, आणि तिच्या शेजारी स्थिर काय आहे. वाहते पाणी स्थिर वस्तूशेजारीच वाहताना दिसते. चौकटीत नुसतेच पाणी असले तर ते पांढऱ्या धुरासारखे होते.

शटरचा वेळ

धबधब्याच्या चित्रात सर्वांत महत्त्वाचा निर्णय शटर किती वेळ उघडे ठेवायचे हा असतो, आणि इतर सगळी गणिते त्याच्यासाठी करायची असतात. एका सेकंदाच्या पाचशेव्या भागात थेंब हवेत गोठलेले दिसतात. आठव्या भागापासून धारांच्या रेषा उमटू लागतात. पाव ते अर्धा सेकंद हा मला सर्वांत आवडणारा पल्ला आहे, कारण त्यात पाणी मऊ होते पण त्याचा पीळ शिल्लक राहतो. दोन सेकंदांच्या पुढे बहुतेक धबधबे कापूस पिंजल्यासारखे दिसतात. मात्र हे पाण्याच्या वेगावर अवलंबून आहे. आषाढातल्या जोरदार धारेला सेकंदाचा आठवा भागही पुरतो, तर ऑक्टोबरातल्या सुतासारख्या धारेला दोन सेकंद दिले तरी चालतात. म्हणून एकाच चौकटीची तीन-चार वेगवेगळ्या वेळांची छायाचित्रे घ्यावीत आणि निवड घरी करावी.

प्रत्यक्ष क्रम असा ठेवावा. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाबाबतची संवेदनशीलता) १०० आणि लेन्सचे छिद्र एफ/११ (आकडा जितका मोठा तितके छिद्र बारीक) ठेवून उजेड मोजावा. ढगाळ दिवशी दाट झाडीखाली हा वेळ साधारण पाव सेकंद येतो, म्हणजे फिल्टर लावावाच लागत नाही. घळीत आकाश मोकळे असेल तर तो सेकंदाच्या तिसाव्या भागाच्या आसपास येतो. अशा वेळी तीन स्टॉपचा एनडी लावला की वेळ आठपट होऊन पाव सेकंदापर्यंत जातो, आणि त्यावर पोलरायझरने आणखी दीड-दोन स्टॉप उजेड खाल्ला की जवळजवळ एक सेकंद मिळतो. छिद्र एफ/१६ च्या पुढे बारीक करून वेळ वाढवण्याचा मोह टाळावा, त्याने चित्राचा रेखीवपणा जातो.

पोलरायझरविषयी थोडे अधिक सांगायला हवे, कारण माझ्या मते या कामात त्याच्याएवढा उपयोगी फिल्टर दुसरा नाही. ओला खडक आणि ओली पाने आकाशाचा पांढुरका उजेड परावर्तित करत असतात आणि त्यामुळे त्यांचा मूळ रंग दिसत नाही. पोलरायझर लेन्सवर हळूहळू फिरवत जावा. एका विशिष्ट ठिकाणी ती पांढरी झाक एकदम निघून जाते, खडक काळा-तांबूस होतो, शेवाळाचा पोपटी रंग उजळतो आणि डोहाचा तळ दिसू लागतो. मात्र तो पूर्ण फिरवलाच पाहिजे असे नाही. खडकावरची थोडी चकाकी ठेवली नाही तर तो ओला वाटत नाही.

त्यानंतर फोकस. तो पाण्यावर न करता धारेला लागून असलेल्या खडकाच्या कडेवर करावा आणि लगेच मॅन्युअलवर ठेवून द्यावा, म्हणजे तो आपोआप बदलत नाही. कॅमेऱ्याचा मापक काळा खडक पाहून चित्र प्रमाणाबाहेर उजळ करतो आणि पाण्याचा शुभ्र भाग कोरा पडतो, म्हणून दोन-तृतीयांश ते एक स्टॉप कमी उजेड द्यावा. असा कोरा पडलेला भाग लुकलुकून दाखवण्याची सोय बहुतेक कॅमेऱ्यांत असते, ती चालू ठेवावी. अंधारा खडक नंतर उजळता येतो, कोरे पडलेले पाणी परत येत नाही. त्यासाठीच रॉ स्वरूपात, म्हणजे कॅमेऱ्याने संस्कार न केलेली, छायाचित्रे घ्यावीत. झाडीखालचा उजेड हिरवट असल्यामुळे व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगछटेनुसार चित्राचे रंग जुळवणारी सोय) आपोआपवर न ठेवता ५५०० केल्व्हिनच्या आसपास कायम ठेवावा, म्हणजे सगळ्या चित्रांचा रंग निदान एकसारखा तरी राहतो.

ट्रायपॉड जिथे चालतो तिथे त्याचे पाय आधी जाडे भाग उघडून लावावेत, मधला दांडा वर काढू नये, आणि कॅमेरा दोन सेकंदांच्या टायमरवर ठेवावा. कान्हेरीत ट्रायपॉडशिवायच काम करायचे असल्याने मी खांबाला किंवा कठड्याला पाठ टेकवते, कोपरे बरगड्यांशी घट्ट धरते, अर्धा श्वास सोडते आणि सलग सात-आठ छायाचित्रे घेते. लेन्समध्ये किंवा कॅमेऱ्यात कंपन रोखण्याची सोय असेल तर सेकंदाच्या आठव्या, कधी कधी चौथ्या भागातही त्यांतले एखादे अगदी स्वच्छ येते. मात्र कोरीव मूर्तींना किंवा नक्षीला कधीही टेकू नये.

चौकट

मोठ्या धबधब्याचे चित्र काढण्याची सवय इथे उपयोगी पडत नाही. लहान धबधबा पूर्ण चौकटीत बसवला की तो गटारावरच्या पायरीसारखा क्षुद्र दिसतो. कॅमेरा पाण्याच्या पातळीपर्यंत खाली आणावा, म्हणजे दोन फुटांची पायरीही उंच वाटते. आकाश पूर्णपणे वगळावे. ढगाळ आकाशाचा एवढासा पांढरा तुकडा वरच्या कोपऱ्यात राहिला तरी डोळा आधी तिकडेच जातो. धार ज्या बाजूला वाहत असेल त्या बाजूला थोडी अधिक जागा सोडावी. डोहावर तरंगणारे एखादे पिवळे पान दीर्घ शटरमध्ये फिरून वर्तुळाकार रेघ काढते, ते मिळाले तर जरूर टिपावे, पण झाडाचे पान तोडून पाण्यात टाकू नये.

चौकटीत वेफर्सचे पाकीट किंवा बाटली आली तर ती संगणकावर पुसून टाकण्यापेक्षा हाताने उचलून सॅकमध्ये टाकावी. मी त्यासाठी एक वेगळी पिशवी नेते आणि प्रत्येक वेळी ती भरते.

मोबाईलनेही हे काम होते. आयफोनवर लाइव्ह फोटो चालू ठेवून चित्र घ्यावे आणि नंतर त्याच चित्राला 'लाँग एक्स्पोजर' हा पर्याय लावावा. बऱ्याच अँड्रॉइड फोनांत प्रो मोडमध्ये शटरचा वेळ थेट ठरवता येतो. फोन खडकावर सॅक ठेवून तिच्यावर टेकवावा आणि टायमर लावावा.

घरी आल्यावर

जुलैच्या मुंबईत हवाच इतकी ओली असते की कॅमेरा भिजला नाही तरी त्याला दमट हवेचा त्रास होतोच. वातानुकूलित डब्यातून किंवा गाडीतून उतरताच लेन्सवर बाष्प धरते. ते पुसत बसू नये, सॅक बंद ठेवून पंधरा-वीस मिनिटे थांबावे, ते आपोआप जाते. घरी आल्यावर लेन्स आणि कॅमेरा कोरड्या कापडाने पुसून पंख्याखाली तासभर उघडे ठेवावेत आणि मगच आत ठेवावेत. ओल्या सॅकमध्ये तसाच ठेवलेला कॅमेरा म्हणजे बुरशीला आमंत्रण. माझ्या एका जुन्या लेन्समध्ये आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी पसरली ती अशाच एका आठवड्याच्या आळसामुळे. तेव्हापासून मी घट्ट झाकणाचा मोठा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि एक लहान आर्द्रतामापक असे ठेवते. आर्द्रता ४५ ते ५० टक्क्यांच्या आसपास असली म्हणजे निश्चिंत राहावे. निळ्या जेलचे दाणे गुलाबी पडले की ते तव्यावर मंद आचेवर पुन्हा निळे होईपर्यंत तापवावेत. तांदळाच्या डब्यात कॅमेरा ठेवण्याचा उपाय करू नये, त्याची बारीक पूड आत शिरते.

चित्रांवर संस्कार करताना हिरवा रंग वाढवू नये. तो मुळातच भडक असतो, उलट किंचित कमी करावा. पाण्याचा पांढरा भाग थोडा दाबून धारांतला फरक दिसेल एवढेच करावे. चित्र इतरांना पाठवताना नेमक्या जागेची नोंद काढून टाकावी. 'बोरिवलीच्या जंगलातला ओढा' एवढे सांगणे पुरेसे आहे.

शेवटी, प्रत्येक भेटीची चार ओळींची नोंद वहीत ठेवावी: तारीख, आदल्या चोवीस तासांतला पाऊस, खूणदगड किती बोटे वर होता, आणि कोणत्या पायरीचे चित्र कोणत्या शटरवर जमले. पुढच्या वर्षी तुळशी भरल्याची बातमी आली की वही उघडायची. माझ्या वहीत नेच्याच्या त्या पानापुढे लिहिले आहे: पाऊस साठ मिलिमीटरच्या आसपास, उघडीप होऊन एक रात्र उलटलेली, खूणदगड सहा बोटे वर, पाव सेकंद, सकाळी नऊ ते दहा.